कार्स्टेन नीबूर : अरबस्तानचा मोजणीदार

डेन्मार्क हा युरोप खंडाच्या उत्तरेस वसलेला एक लहानसा देश आहे. त्याचा आणि वाळवंटातील अरब लोकांचा काय संबंध, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. तथापि ह्या दोन लोकांमध्ये विद्येचा जो धागा अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला आहे, तो विणणारा मुख्य मनुष्य आमच्या मुंबई बंदरात सुमारे पंधरा महिने राहिला. आपल्या सोबत्यांपैकी शेवटच्यास त्याने तेथेच पोचविले व तेथूनच तो एकटा परत फिरला. त्याचे नाव कार्स्टेन नीबूर. त्याचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगतो.

कोपर, डोंबिवली व कल्याण येथील वाचकांस हे चरित्र अगदीच परके वाटू नये. कोपरावरून वाहत जाणारे उल्हास नदीचे पाणी ठाण्यापाशी दुभंगते. त्याचा एक फाटा वसईकडे जातो, आणि ठाण्याच्या खाडीची दुसरी वाट मुंबई बंदरात उतरते. त्याच बंदरात घारापुरीचे बेट आहे. ह्याच खाडीच्या तोंडाने अरबस्तान व मिसर देशांची गलबते प्राचीन काळी कल्याणास येत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नावाड्याच्या पुस्तकात कल्याणचे नाव आढळते. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ख्रिस्ती प्रवाशाने कल्लियाना नावाच्या बंदरात इराणातून नेमलेला एक बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. ते बंदर म्हणजे आमचे कल्याणच होय, असे अनेक पंडित मानतात. तेव्हा अरबस्तानची वाट आमच्या दारावरून फार पूर्वीपासून गेलेली आहे.

बालपण व शिक्षण

नीबूर हा इ. स. १७३३ च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस जर्मनीतील हानोवर प्रांतात, लूडिंगवर्थ नावाच्या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तो तान्हा असतानाच त्याची आई वारली आणि तो सोळा वर्षांचा असताना बापही गेला. नातलगांनी त्यास शाळेतून काढून शेतीच्या कामास लाविले. पुढे त्याच्या मुलुखात एका शेताच्या क्षेत्राविषयी तंटा उपस्थित झाला. जमीन मोजणे अवश्य होते, परंतु मोजणी जाणणारा एकही मनुष्य त्या भागात सापडेना. मोजणीदार बाहेरगावाहून आणावा लागला. आपल्या मुलुखाची ही उणीव त्या तरुणाच्या मनास लागली, आणि ही विद्या आपणच शिकावी असे त्याने ठरविले. वडिलांकडून मिळालेल्या थोड्याशा पैशावर तो बाविसाव्या वर्षी बाहेर पडला, आणि हँबुर्ग शहरात आपल्याहून लहान मुलांच्या बरोबरीने बाकावर बसून लॅटिन व गणित शिकू लागला. प्रौढपणी अक्षरे गिरविण्याची ज्यांस लाज वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. इ. स. १७५७ मध्ये तो गॉटिंगेन येथील विद्यापीठात दाखल झाला.

त्याच विद्यापीठात मिखाएलिस नावाचे इब्री भाषेचे मोठे पंडित होते. जुन्या करारात पुष्कळ झाडांची, पशुपक्ष्यांची, रोगांची व रीतिभातींची नावे येतात. त्यांपैकी कित्येकांचा अर्थ युरोपातील पंडितांस निश्चित ठाऊक नव्हता. इब्री भाषेची बहीण जी अरबी भाषा, ती बोलणाऱ्या लोकांत जाऊन पाहिल्यास ह्या गोष्टींचा उलगडा होईल, असे मिखाएलिस ह्यांस वाटे. त्यांनी ही कल्पना डेन्मार्कचे मंत्री बर्नस्टॉर्फ ह्यांस कळविली. आमच्या हिंदुस्थानात मद्रासेच्या दक्षिणेस तरंगंबाडी येथे डेन्मार्कची वसाहत होती, आणि इ. स. १७०६ पासून तेथे प्रॉटेस्टंट मिशन चालू होते. त्या मिशनकडील एखाद्या मनुष्यास अरबी शिकवून तेथून अरबस्तानात पाठवावे, अशी प्रथम योजना होती. पुढे राजा पाचवा फ्रेडरिक ह्याने हे काम आपल्या हाती घेतले, आणि एका मनुष्याच्या जागी एक मंडळच पाठविण्याचे ठरले.

मंडळास मोजणी व नकाशे जाणणारा मनुष्य पाहिजे होता. नीबूरला विचारण्यात आले तेव्हा खर्च कोणी देणार असेल तर जाण्यास आपली हरकत नाही, असे त्याने साधेपणाने कळविले. त्यास प्राध्यापक ही पदवी देऊ केली असता, आपली तेवढी योग्यता नाही म्हणून त्याने ती नाकारली, आणि लेफ्टनंटच्या हुद्यावर संतोष मानिला. मग तयारीसाठी तो टोबियास मायर ह्या ज्योतिष्याकडे शिकू लागला. मायर ह्यांनी चंद्राच्या गतीची सूक्ष्म कोष्टके तयार केली होती. चंद्र व एखादा तारा ह्यांमधील अंतर रात्री यंत्राने मोजावयाचे. त्यावरून कोष्टकात पाहिले म्हणजे गॉटिंगेनला त्या क्षणी किती वाजले असतील हे कळते. तेथील वेळ व आपण उभे आहोत तेथील वेळ ह्यांत एक तासाचा फरक असल्यास ते ठिकाण पंधरा अंश पूर्वेस किंवा पश्चिमेस आहे, असे समजावे. ही रीत नीबूरने इतकी चांगली आत्मसात केली की, त्याने ठरविलेली स्थाने पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

सहा जणांचे मंडळ

मंडळात सहा माणसे होती. डेन्मार्कचे भाषापंडित फॉन हावेन, स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ फोर्सकाल, वैद्य क्रामर, जर्मन चित्रकार बाउरेनफाइंड, स्वीडनचा शिपाईगडी बेर्गग्रेन आणि सहावा नीबूर. कोणी कोणाचा वरिष्ठ नाही, सर्व समान, असा राजाचा हुकूम होता. पैशाची थैली मात्र नीबूरकडे सोपविली होती. राजाच्या आज्ञापत्रात आणखी एक कलम फार शहाणपणाचे होते. अरब लोकांशी सर्वांनी नम्रतेने वागावे, त्यांच्या धर्माविषयी वाद घालू नये आणि तुच्छता वाचेनेच काय, वर्तनानेही दाखवू नये, असे त्यात सांगितले होते.

इ. स. १७६१ च्या जानेवारीच्या ४ तारखेस मंडळ कोपनहेगनहून गलबतात बसले. वादळांनी गलबत पुनःपुन्हा मागे लोटले. अखेर भूमध्य समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलवरून ते मिसर देशात पोहोचले व तेथे एक वर्ष राहिले. दुर्दैवाने मंडळात कलह माजला. फॉन हावेन व फोर्सकाल ह्यांचे पटेना. फॉन हावेन ह्यांनी सोमल विकत घेतल्याचे कळताच आपणांस विषप्रयोग होतो की काय, अशी इतरांस धास्ती पडली. एवढे विद्वान लोक, परंतु एका पंगतीस निर्धास्त बसणे त्यांस कठीण झाले. सर्वांस सारखा मान दिला तरी एकोपा आपोआप येत नसतो.

इ. स. १७६२ च्या सप्टेंबरात फॉन हावेन व नीबूर हे सीनाय पर्वतास गेले. तेथील प्राचीन मठात जुनी हस्तलिखिते पाहावयाची होती. परंतु बिशपाचे पत्र जवळ नसल्यामुळे साधूंनी दार उघडले नाही, आणि त्यांस तसेच परतावे लागले. ह्याच मठात पवित्र शास्त्राचे अत्यंत जुने ग्रीक हस्तलिखित होते, व इ. स. १८५९ मध्ये टिशेनडॉर्फ नावाच्या पंडितांनी ते जगापुढे आणले. नीबूर त्या दारापर्यंत जाऊन आला होता. तथापि फॉन हावेन ह्यांचे श्रम फुकट गेले नाहीत. त्यांनी प्रवासात विकत घेतलेली शंभराहून अधिक हस्तलिखिते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पोहोचली. त्यांत इब्री शास्त्राची हस्तलिखितेही आहेत.

यमन देशात

सुवेजहून जेद्दा व तेथून यमनातील लोहय्या बंदर असा प्रवास करून ते डिसेंबरच्या अखेरीस इष्ट देशी उतरले. सर्वांनी अरबी पोशाख धारण केला होता. लोहय्याचा अमीर फर्हान ह्याने त्यांचे उत्तम स्वागत केले. तेथे फोर्सकाल ह्यांनी सूक्ष्मदर्शक काचेतून एक ऊ मोठी करून दाखविली. तेव्हा एवढा अजस्त्र प्राणी अरबस्तानात असूच शकत नाही, ही ऊ युरोपातलीच असली पाहिजे, असे एका अरब नोकराने निक्षून सांगितले. सर्व मंडळी हसली, आणि ह्या हसण्याने दोन परक्या लोकांमधील अंतर पुष्कळ कमी झाले.

नीबूर भाड्याच्या गाढवावर बसून, थोडेसे सामान बरोबर घेऊन गावोगाव हिंडू लागला. नोकरचाकरांचा लवाजमा त्याच्याजवळ नव्हता. म्हणून चोरांस लोभ वाटला नाही व लोकांस भय वाटले नाही. कॉफीची झाडे लाविलेले डोंगर, बाजार, विहिरी, मशिदी सर्व काही पाहून तो पावलांनी अंतर मोजी, होकायंत्राने दिशा पाही व रात्री तारे टिपून ठेवी. यमनच्या बाजारपेठांत हिंदुस्थानातील वाणी व्यापारी बसलेले त्यास आढळले. आमच्या पश्चिम किनाऱ्याचा व मोखा बंदराचा व्यापार तेव्हा जोरात होता. फोर्सकाल ह्यांनी ज्याचा युरोपातील विद्वान फार दिवस शोध करीत होते, ते मक्केच्या सुगंधी राळेचे झाड येथेच ओळखले.

मोखा येथे मात्र जकातीवर मोठा अनर्थ ओढवला. दारूत घालून ठेविलेले मासे व साप पेटाऱ्यांतून निघाले. तेव्हा हे लोक विष घेऊन आले आहेत, असा बोभाटा झाला. काही दिवसांनी गावाच्या अधिकाऱ्याच्याच पायास बंदुकीची जखम झाली, तेव्हा त्याच परक्यांतील वैद्यास बोलाविणे भाग पडले. क्रामर ह्यांनी औषधोपचार केला आणि संशयाच्या जागी स्नेह उत्पन्न झाला.

परंतु आता खरे संकट आले. किनाऱ्यावरील उष्ण प्रदेशात सर्वांस ताप येऊ लागला. हा हिवताप असावा, असे आज विद्वान मानतात. तो डासांपासून येतो, ह्याचा महत्त्वाचा पुरावा रोनाल्ड रॉस ह्यांस इ. स. १८९७ मध्ये सिकंदराबादेस मिळाला. ते ज्ञान ह्या प्रवाशांस असणे शक्यच नव्हते. मे १७६३ च्या २५ तारखेस फॉन हावेन मोखा येथे मरण पावले. राजधानी सना हिच्या वाटेवर यरीम गावी जुलैच्या ११ तारखेस फोर्सकालही गेले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. उरलेल्या चौघांनी सना गाठली. तेथे इमाम अल महदी अब्बास ह्याने त्यांस दरबारात बोलावून आदर दाखविला, वस्त्रे दिली व राहण्याचा आग्रह केला. परंतु सर्वच आजारी असल्यामुळे ते घाईने मोख्यास परतले व एका इंग्रज गलबतातून मुंबईस निघाले. ऑगस्टच्या २९ तारखेस चित्रकार बाउरेनफाइंड व ३० तारखेस बेर्गग्रेन हे समुद्रावरच मृत्यू पावले. दोघांसही समुद्रातच समाधी मिळाली.

मुंबई व घारापुरी

इ. स. १७६३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस नीबूर व क्रामर मुंबईस उतरले. पुढील फेब्रुवारीच्या १० तारखेस क्रामरही मुंबईत वारले. सहांपैकी आता एकटा नीबूर राहिला. मिखाएलिस ह्यांनी विचारलेल्या शंभर प्रश्नांचे छापील पुस्तक त्याच्या हाती पडले ते मुंबईत, आणि तेव्हा त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास निवडलेले विद्वान मातीआड झाले होते.

अशा वेळी मनुष्याने काय करावे? घरी जाण्यास गलबत होते आणि घरी जाण्यास कारणही पुरेसे होते. कोणी त्यास दोष दिला नसता. नीबूरने प्रथम मृत सोबत्यांच्या वह्या, वाळविलेली झाडे व मासे नीट बांधून डेन्मार्कास रवाना केले. फोर्सकाल ह्यांनी माशांची कातडी पानांप्रमाणे कागदावर चिकटवून वाळविली होती. कोळीवाड्यातील आमच्या वाचकांस हे नवल वाटेल, परंतु ती कोपनहेगनमध्ये अद्याप जपून ठेविलेली आहेत. मग बरे वाटू लागताच नीबूर पुन्हा कामास लागला.

त्या काळी मुंबई इंग्रजांची होती, पण साष्टी, ठाणे, कल्याण व घारापुरीचे बेट हा सर्व मुलूख मराठ्यांच्या ताब्यात असून पुण्यास थोरले माधवराव पेशवे राज्य करीत होते. मुंबईची वस्ती नीबूरने सुमारे १,४०,००० सांगितली आहे. हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती हे एकाच गावात आपापल्या रीतीने निर्वेध राहतात, हे पाहून त्यास समाधान वाटले, आणि त्यांच्या चालीरीती त्याने कोणाची कुचेष्टा न करता लिहून ठेविल्या. सुरत शहरही तो पाहून आला.

घारापुरीची लेणी त्याने एकदा पाहिली आणि त्याचे समाधान झाले नाही. युरोपातील पूर्वीच्या प्रवाशांनी त्यांची वर्णने केली होती, पण ती उथळ व चुकीची आहेत, असे त्यास दिसून आले. म्हणून तो पुनःपुन्हा होडीने तेथे गेला. चित्रकार तर समुद्रात गेला होता. तेव्हा मोजणीदारानेच पेन्सिल हाती घेतली. खांब मोजले, मुख्य लेण्याचा आराखडा काढला, भव्य त्रिमूर्तीचे व भिंतींवरील मूर्तींचे चित्र काढले, कोणती मूर्ती कोठे भंगली आहे तेही नोंदले. मिसर देशातील पिरॅमिड त्याने स्वतः पाहून मोजले होते. त्यांच्यापेक्षा ह्या लेण्यांस अधिक श्रम व अधिक कौशल्य लागले असले पाहिजे, असा त्याचा अभिप्राय झाला. युरोपात छापून प्रसिद्ध झालेल्या ह्या लेण्यांच्या विश्वासार्ह वर्णनांत नीबूरचे वर्णन अगदी आरंभीचे आहे. इ. स. १९८७ मध्ये सर्व राष्ट्रांच्या संघाच्या संस्थेने घारापुरीस जागतिक वारसा ठरविले. त्याच्या दोनशेंहून अधिक वर्षे आधी एका शेतकऱ्याच्या मुलाने तिची किंमत ओळखली होती.

परतीची वाट

इ. स. १७६४ च्या डिसेंबरच्या ८ तारखेस तो मुंबईहून मस्कतकडे निघाला. तेथून इराणात जाऊन पर्सिपोलिस येथील पडक्या राजवाड्यातील शिलालेख त्याने सुमारे तीन आठवडे बसून उतरवून घेतले. ती खिळ्यांसारखी दिसणारी लिपी कोणासच वाचता येत नव्हती. नीबूरलाही येत नव्हती. परंतु लिपी तीन प्रकारच्या आहेत व त्या डावीकडून उजवीकडे लिहिल्या आहेत हे त्याने ओळखले, आणि प्रत्येक खूण आहे तशी उतरविली. उन्हात चकाकणाऱ्या दगडाकडे एकसारखे पाहून त्याचे डोळे दुखू लागले, तरी त्याने काम सोडले नाही. पुढे इ. स. १८०२ मध्ये ग्रोटेफेंड ह्या शिक्षकाने त्याच प्रतींवरून त्या लिपीतील राजांची नावे वाचली. दारयावेश व अहश्वेरोश ह्या राजांची नावे आम्ही जुन्या करारात वाचतो. तीच नावे दगडावर उमटलेली सापडली. ज्याचा अर्थ आपणांस कळत नाही तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. मागून येणाऱ्यास ते उपयोगी पडते.

बसरा, बगदाद, मोसल असा तो चालला. मोसलजवळ निनवेच्या टेकाडांचा त्याने नकाशा काढला. यरुशलेमही पाहिले. टोळ कसे खातात, मान्ना कशास म्हणतात, महारोगाची लक्षणे कोणती, अशा प्रश्नांची उत्तरे त्याने विद्वानांऐवजी हमाल, उंटवाले व व्यापारी ह्यांस विचारून मिळविली. अरब लोक टोळ भाजून आवडीने खातात हे त्याने लिहिल्यामुळे, बाप्तिस्मा करणारा योहान ह्याच्या आहाराविषयी युरोपातील वाचकांस जे नवल वाटे ते दूर झाले. इ. स. १७६७ च्या नोव्हेंबरच्या २० तारखेस तो कोपनहेगनला पोहोचला. निघून जवळजवळ सात वर्षे झाली होती. तोपर्यंत त्यास पाठविणारा राजा वारला होता, आणि ह्या मंडळाची आठवणही लोकांत मंदावली होती.

तो एकटाच कसा वाचला, ह्याचे कारण त्याच्या पुत्राने लिहिलेल्या चरित्रात दिले आहे. नीबूर ज्या देशात जाई त्या देशाचे अन्न खाई, तेथील वस्त्र नेसे व तेथील रीतीने राही. हेच एक कारण होते असे आम्ही म्हणत नाही. ताप त्यासही आला होता. परंतु त्याच्या ह्या वागण्याने अरबांची घरे त्यास मोकळी झाली, एवढे निश्चित.

ग्रंथ व अखेरचे दिवस

इ. स. १७७२ मध्ये त्याचे अरबस्तानचे वर्णन आणि १७७४ व १७७८ मध्ये प्रवासाचे दोन भाग प्रसिद्ध झाले. तिसरा भाग त्याच्या मृत्यूनंतर १८३७ मध्ये निघाला. ह्या ग्रंथांतील यमनचा नकाशा व तांबड्या समुद्राची मोजणी पुढील अनेक वर्षे लोकांच्या उपयोगी पडली. परंतु आम्हांस त्याची दुसरी एक गोष्ट अधिक थोर वाटते. फोर्सकाल ह्यांच्या वह्या तशाच पडून नष्ट झाल्या असत्या. नीबूर वनस्पतिशास्त्र जाणत नव्हता, तरी मृत मित्राचे ग्रंथ त्याने इ. स. १७७५ व १७७६ मध्ये छापवून घेतले व त्यांवर मित्राचेच नाव घातले. मिसर व अरबस्तान येथील वनस्पतींविषयीचा तो ग्रंथ आजही त्या शास्त्राचे पंडित पाहतात.

इ. स. १७७८ पासून तो होल्स्टाइन प्रांतातील मेल्डॉर्फ ह्या लहान गावी सरकारी दप्तराचे काम पाहू लागला. आमच्याकडे कुळकर्णी ज्याप्रमाणे जमीन व सारा ह्यांचा हिशेब ठेवीत, तसेच ते काम होते. सदतीस वर्षे त्याने ते केले. त्याचा पुत्र बार्टोल्ड हा रोमचा प्रसिद्ध इतिहासकार झाला. वृद्धापकाळी नीबूरची दृष्टी गेली. तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या पूर्वेकडील देश आणि तेथील ताऱ्यांनी भरलेले आकाश त्याच्या मनापुढे स्पष्ट उभे राही, असे पुत्र सांगतो. इ. स. १८१५ च्या एप्रिलच्या २६ तारखेस, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्याने देह ठेविला.

डेन्मार्कने अरबस्तानात सैन्य पाठविले नाही. सहा माणसे, काही यंत्रे व कोऱ्या वह्या पाठविल्या. त्यांतील पाच जण परतले नाहीत, परंतु वह्या भरून परतल्या. डेन्मार्क व यमन ह्यांच्या संबंधाचा इतिहास आजही ह्या प्रवासापासून सांगावा लागतो. घारापुरीस जाण्याचा प्रसंग आमच्या वाचकांस आला, तर त्रिमूर्तीपुढे उभे राहून ते दगडाची थोरवी पाहतीलच. तेथेच एक तापाने खंगलेला परदेशी मनुष्य, सर्व सोबती गमावूनही, खांबामागून खांब मोजीत होता, ही गोष्टही त्यांनी आपल्या मुलांस सांगावी.